बाहेर १६, आत १०

फोनवर प्लग 'बंद' दाखवत होता आणि गीझरचा लाल दिवा पेटलेलाच होता. मी पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. स्मार्ट प्लग चालू-बंद होताना आतून 'टक्' असा आवाज येतो, तो रिलेचा, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचचा. तो काही केल्या येईना. प्लगवरचं बटण दाबून पाहिलं, तरी शांतता. प्लगला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पिनांच्या कडेचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. आई दोन दिवस म्हणत होती, बाथरूमबाहेर कसला तरी जळका वास येतोय, आणि मी तिला 'नवीन प्लास्टिकचा असेल' म्हणून गप्प केलं होतं. आधी मेन स्विच पाडला, मग प्लग उपसला.

ही वस्तू मी डोळे मिटून घेतली नव्हती, म्हणून तर हे लिहायला बसले आहे.

घरात होम असिस्टंट आहे, म्हणजे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, एका लहानशा कॉम्प्युटरवर चालतं. दिवे, पंखे, गीझर यांची वेळापत्रकं आणि कोण किती वीज खातं याचा हिशोब, एवढीच माझी हौस. स्वस्तातले प्लग शोधताना एक पान सापडलं. १६ अँपिअर, वीजमोजणी, आत ईएसपी८२६६ चिप, असं स्वच्छ लिहिलेलं. ही चिप असली की प्लगमधला कंपनीचा प्रोग्राम काढून टास्मोटा हे मोफत सॉफ्टवेअर चढवता येतं, आणि मग प्लग इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालतो. तरी मी आधी एकच नग मागवला. उघडला. रिलेवर १६ अँपिअर छापलेलं, वीज मोजणारी बीएल०९३७ चिप जागेवर, सोल्डरिंग नीटनेटकं. टास्मोटा चढलं, वॅटचे आकडे बरोबर आले. खूश होऊन आतल्या फोटोसकट पाच चांदण्यांचा अभिप्राय टाकला आणि महिन्याभराने त्याच पानावरून आणखी आठ मागवले.

खोकं तेच, रंग तोच, कवचावर '१६ ए, ३६८० वॅट' तेच. हातात घेतल्यावर जरा हलके वाटले. नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले तेव्हा जुन्या नगापेक्षा १७ ग्रॅमने कमी भरले, पण ते नंतर. प्रत्येक खोक्यात एक गुळगुळीत कार्ड होतं. पाच चांदण्या द्या, स्क्रीनशॉट पाठवा, काही पैसे परत. मला तिथेच शंका यायला हवी होती. चांगल्या मालाला चांदण्या विकत घ्याव्या लागत नाहीत.

नमुना पाहिलेलाच होता, म्हणून हे आठ न उघडता कंपनीच्या ॲपला जोडून लावून टाकले. चौथ्या दिवशी लक्षात आलं, ॲपमध्ये वीजमोजणीचा पडदाच नाही. विक्रेत्याला विचारलं. "मॅडम, पुढच्या अपडेटमध्ये येईल, एक आठवडा द्या." परतीची मुदत दहा दिवसांची. हे गणित त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

आठव्या दिवशी गीझरचं हे प्रकरण झालं. त्याच संध्याकाळी आठही नग परत करण्याची विनंती टाकली. दहा मिनिटांत निरोप आला, माफी मागणारा, काळजीने भरलेला. "मॅडम, ती एक बॅच खराब निघाली. परतीला तीन आठवडे लागतील. तुम्ही विनंती रद्द करा, आम्ही आठ नवे नग उद्याच पाठवतो. जुने पाठवायचीही गरज नाही." मला पटलं. पहिला नग चांगला होता ना! माणसं चांगली आहेत, एक घाणा बिघडला, असंच वाटलं. रद्द केलं.

अकराव्या दिवशी सूर बदलला. "तांत्रिक विभागाला खात्री करायची आहे, आतल्या रिलेचा फोटो पाठवा." या प्लगांना स्क्रू नसतो, कवच ध्वनिलहरींनी सांधलेलं असतं. शिकंज्यात धरून कडेकडेने दाबत गेलं की कट्कन शिवण उकलते, आणि उकलली की पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. जळका नग उघडला, फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचं. "ग्राहकाने उघडलेल्या वस्तूची जबाबदारी आम्ही घेत नाही." मी म्हटलं, बाकीचे सात तर उघडलेले नाहीत. त्यावर उत्तर आलंच नाही. विक्रीच्या साइटकडे तक्रार केली, तर त्यांच्या नोंदीत 'परतीची विनंती ग्राहकाने स्वतः मागे घेतली'. नोंद खोटी नव्हती, ती मीच मागे घेतली होती. ती कोणाच्या सांगण्यावरून, हे नोंदीच्या कुठल्या रकान्यात बसणार?

आता आत काय होतं ते. निळ्या रिलेवर स्पष्ट छापलेलं, १० अँपिअर, २५० व्होल्ट. बीएल०९३७ च्या जागी आठ रिकामे, चकचकीत टप्पे, चिप कधी बसवलीच नव्हती. प्रवाह मोजायला तिथे जाड पट्टीसारखा शंट असतो, त्याच्या जागी साधी वाकवलेली तार. म्हणजे वीजमोजणी कुठल्याच अपडेटने येणार नव्हती. ईएसपी८२६६ च्या जागी बीके७२३१ होती. ही चिप मुळात वाईट नाही, तिच्यावर ओपनबेकेन हे टास्मोटासारखंच सॉफ्टवेअर चढतं, पण पानावर लिहिलं होतं दुसरंच.

माझा गीझर ३००० वॅटचा. २३० व्होल्टला तो १३ अँपिअर ओढतो. १६ च्या प्लगला हे झेपायला हवं, १० च्या रिलेला नाही. रिले मिटताना त्याचे दोन टिकल्यांएवढे धातूचे ठिपके क्षणभर एकमेकांवर उड्या मारतात, मध्ये ठिणगी पडते, धातू वितळतो. प्रवाह जास्त असला की ते कधीतरी चिकटूनच बसतात. मग ॲपने कितीही 'बंद' म्हटलं तरी वीज वाहतच राहते. शिवाय उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. झिजलेल्या जोडाचा रोध ५० मिलिओहम धरला तरी १३ अँपिअरला साडेआठ वॅट उष्णता, तीही सुपारीएवढ्या बंद जागेत. गीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून पाणी उकळत राहिलं नाही. रूम हीटर असता तर मी हे इतक्या शांतपणे लिहीत नसते.

यात माझी चूक होतीच. तापणारी उपकरणं अशा प्लगवर टाकूच नयेत, खरा १६ चा असला तरी. आता गीझरला इलेक्ट्रिशियनकडून वेगळा काँटॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा स्विच, बसवून घेतलाय, प्लग फक्त त्याच्या कॉइलला वीज देतो. आणि अँपिअरचा आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. मोटर, टीव्ही, कॉम्प्युटर चालू होताक्षणी कितीतरी पट जास्त ओढतात, त्यांना तो आकडा तसाच लावू नका.

ज्यांना स्वस्तातलेच घ्यायचे आहेत (मीही पुन्हा घेईनच), त्यांनी आल्या दिवशी घरातल्या काट्यावर सगळे नग तोलावेत आणि नमुन्याशी ताडून पाहावेत. वीजमोजणी लिहिली असेल तर ज्याचे वॅट माहीत आहेत असं काहीतरी लावून आकडा बघावा, पडदाच नसेल तर अपडेटची वाट पाहू नये. अर्धा तास भार टाकून प्लग हाताने चाचपावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर नाही. आणि मुदत संपेपर्यंत परतीची विनंती कुणाच्याही गोड बोलण्याने मागे घेऊ नये. नवे नग यायचे तर येऊ देत, विनंती उघडीच राहू दे. फोटोसाठी फोडायचा म्हणाले तर 'उघडला तरी परत घेऊ' असं आधी त्यांच्याकडून लेखी घ्यावं, तेही साइटच्याच चॅटमध्ये.

उघडणारच असाल तर आणखी एक, आणि हे जिवाचं आहे. अशा बहुतेक प्लगांमध्ये चिपला मिळणारी ३.३ व्होल्टची वीज मेनपासून वेगळी केलेली नसते. भिंतीत लावलेल्या उघड्या प्लगला कॉम्प्युटरची तार जोडलीत तर कॉम्प्युटर जाईल, बहुधा तुम्हीही. प्रोग्राम चढवताना प्लग भिंतीत नकोच, वीज बाहेरच्या ॲडॉप्टरने द्यायची.

सातांपैकी तीन नाइट लॅम्पवर आहेत, बाकीचे डब्यात. परवा ते पान पुन्हा उघडलं. सगळ्यात वर माझाच अभिप्राय, माझाच फोटो, रिलेवरचे १६ ठळक दिसताहेत, आणि खाली एकाने लिहिलेलं, 'हा फोटो बघून सहा मागवले, धन्यवाद.' अभिप्राय बदलायला गेले, तर 'विक्रेत्याविषयीचा मजकूर चालणार नाही' म्हणून परत आला. मग पुरता काढून टाकला. त्या सहावाल्याला निरोप पाठवायची सोय तिथे नाही.