एकच कादंबरी तीनदा: सहा महिन्यांनंतरचा अनुभव

नाव मुद्दाम लिहीत नाही. शोधायला गेलात तर शेवट पहिल्याच ओळीत समोर येतो. माझ्या वहिनीचं तसंच झालं. डिसेंबरात जळगावला घेतली, इंग्रजीवरून केलेला अनुवाद. शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी, तिसरीचा जुना मृत्यू आणि वीस वर्षांनी आलेली एक चिठ्ठी.

पहिल्यांदा वाचली ती भरीत पार्टीहून आल्यावर, एका रात्रीत. घात कोणी केला ते कळलं तेव्हा तीन वाजले होते. उठून दाराची कडी बघून आले.

दुसरं वाचन मे महिन्यात. पारा ४५ च्या घरात, दुपारी बाहेर पडायची सोय नाही. कथा सांगणारी कुठे कुठे खोटं बोलते ते पकडायचं म्हणून पेन्सिल घेऊन बसले. एकही जागा सापडली नाही. बाईला खरंच तसं आठवतं!

बी.ए.ला मानसशास्त्र होतं, त्यातला लॉफ्टस आणि पामर यांचा १९७४ चा प्रयोग आठवला. गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, आदळून चक्काचूर झाला तेव्हा किती होता. आठवड्यानं पुढचा प्रश्न: फुटलेली काच दिसली का? ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६. काच फुटलेलीच नव्हती. कादंबरीतली चिठ्ठी हेच करते. ‘पडली’च्या जागी ‘ढकलली’ एवढाच फरक, आणि पुढची दोनशे पानं सगळ्यांना ढकलणारे हात आठवायला लागतात.

पोलीस तपासाची प्रकरणं रटाळ आहेत, खुशाल गाळा. अनुवादात दर पानाला कुणीतरी ‘तू ठीक आहेस ना?’ विचारतं. बांधणीही दुसऱ्या वाचनात सुटली.

तिसऱ्यांदा वाचली ती मैत्रिणीमुळे. अमळनेरला तिच्याकडे दिली होती. परत आली तेव्हा तिच्या खुणा भलत्याच जागी. फोनवर बोलता बोलता बारावीतलं आमचंच प्रकरण निघालं. तिचं ‘ते’ तिच्या घरी कोणी सांगितलं? मी इतकी वर्षं समजत होते की तिच्याच तोंडून निसटलं. ‘मी नही व माय, तूच!’ ती हसत म्हणाली. आमच्या ओट्यावर, तिच्या आईसमोर. खाटेवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घातले होते म्हणे.

मला बिबडे आठवत नव्हते. परवापासून आठवायला लागलेत.