पाच फूट एक इंच उंची, दहा-स्पीड जीआरएक्स आणि चाळकेवाडीचा मुरूम

साताऱ्यात ग्रॅव्हल सायकल, म्हणजे खाली वळलेल्या हँडलची, जाड टायरची, कच्च्या वाटेवरही चालणारी सायकल, घ्यावी का, असं शाळेतल्या सहकारी बाईंपासून यवतेश्वरच्या घाटात भेटणाऱ्या कॉलेजच्या पोरांपर्यंत बरेच जण विचारतात. घ्यावी. वेगासाठी घेणार असाल तर मात्र बारीक टायरची, डांबरावर पळणारी रोडबाईक बघा. मी घेतली ती मोटारी नसलेल्या रस्त्यांसाठी, आणि सातारा तालुक्याच्या पश्चिमेला असे रस्ते भरपूर आहेत. डांबर संपलं की परत फिरावं लागत नाही, हा या सायकलीचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा गुण.

आधी सायकल काय आहे ते सांगते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा, मोठ्या घेराची ७०० सी चाकं, ४० मिमीचे ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि शिमानो कंपनीचा जीआरएक्स दहा-स्पीड ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच. किंमत लाखाच्या थोडी वर गेली. फ्रेमच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण याच मापाच्या सायकली आता तीन-चार कंपन्या विकतात आणि मला बोलायचंय ते या मापांबद्दल.

जीआरएक्स हा शिमानोनं २०१९ मध्ये खास ग्रॅव्हलसाठी आणलेला संच. माझ्याकडे पुढच्या दोन चक्रांना ४६ आणि ३० दात आहेत, मागच्या दहा चक्रांना ११ ते ३४. सगळ्यात हलक्या गिअरला पायडलचा एक फेरा मारला की सायकल दोन मीटरांपेक्षा जराशी कमी सरकते. रोडबाईकवर पुढं ३४, मागं २८ असेल तर तेच अंतर अडीच मीटरच्या पुढं जातं. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की तो गुडघ्यांना कळतो. मी उभी न राहता, धाप न लागता वर जाते आणि वर पोचल्यावर कासच्या दिशेनं पुढं जायची ताकद अंगात उरते. डोंगरात राहणाऱ्यांनी सायकल बघताना पहिल्यांदा मागच्या मोठ्या चक्राचे दात मोजावेत, फ्रेमचा रंग आणि वजन नंतर.

मागच्या डिरेलरमध्ये (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागात) क्लच आहे, म्हणजे चेन ताणून धरणारी सोय. खडबडीत उतारावर चेन फ्रेमवर आपटत नाही, उडत नाही. याचं मोल मला चाळकेवाडीला पटलं.

सज्जनगडाचा फाटा मागं टाकून, ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आलात की पवनचक्क्यांचं रान लागतं. या पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी केलेले मुरमाचे रस्ते हेच आपलं खरं ग्रॅव्हल. खाली जांभ्याचा कातळ, वर कुठं बारीक लाल मुरूम, कुठं मुठीएवढी सुटी खडी, मध्येच चाकोरीत साचलेलं पाणी. मी शाळेत भूगोल शिकवते. जांभा कसा तयार होतो ते फळ्यावर शिकवायला दहा मिनिटं पुरतात, पण त्याचे प्रकार मला टायरनं शिकवले. ओला कातळ शेवाळानं निसरडा होतो, तिथं वळताना सायकल कलवायची नाही. कोरडा बारीक मुरूम घट्ट बसलेला असेल तर डांबराच्या तोडीस तोड पळवता येतो. सुट्या खडीत पुढचं चाक हलकं सोडायचं, हँडल आवळून धरलं की ते भरकटतंच.

इथं सगळी मदार हवेवर आहे. माझं वजन ५६ किलो. पुढं २६ आणि मागं २९ पीएसआय हवा ठेवते. दुकानातून सायकल ५० पीएसआय भरून मिळाली होती. तेवढ्या हवेत प्रत्येक खडा मनगटात येतो आणि चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं. हवा कमी केल्यावर टायर खडीवर पसरतो, धरून चालतो. ट्यूब असती तर इतक्या कमी हवेत ती दगड आणि रिमच्या मध्ये चेपून फाटली असती, म्हणून ट्यूबलेस हवंच. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी माझे आकडे उचलू नयेत, थोडी थोडी कमी करत स्वतःचा आकडा शोधावा.

सड्यावरचा वारा ही वेगळी परीक्षा. जूनपासून तो आडवा लागतो. हँडल खालून धरून अंग झुकवलं की सायकल सरळ राहते, आणि सपाट हँडलच्या सायकलीवर ही सोय नसते. तिथले एक राखणदार दादा मला म्हणाले, "ताई, ह्या वाऱ्यात आमची मोटरसायकल हालती, तुमची कशी ऱ्हाती उभी?" त्यांना विचारूनच मी आतल्या रस्त्यांवर जाते. ती वाट कंपन्यांच्या कामाची आहे, आणि विचारलं की कुठला रस्ता पुढं बंद आहे तेही कळतं.

आता तक्रारी. माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि दुकानातली सगळ्यात लहान फ्रेमसुद्धा माझ्या मापाच्या बाईसाठी काढलेली नाही. हळू वेगात हँडल वळवलं की बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. लहान फ्रेम, ७०० सी चाक आणि जाड टायर एकत्र आले की असं होतं. सपाटीवर जाणवत नाही, पण घाटाच्या तीव्र वळणावर, जिथं वेग चालण्याइतका असतो, तिथं पाऊल कुठं आहे याचं भान ठेवावं लागतं. लहान घेराची ६५० बी चाकं असती तर हे बरंचसं टळलं असतं. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, १७० मिमीचे आले होते, ते १६५ चे करून घेतले. हँडल ४२ सेंमी रुंद होतं, माझ्या खांद्यांना ३८ पुरलं. हँडल फ्रेमला जोडणारा स्टेमही आखूड बसवला. हे सगळे वरचे पैसे. विकणाऱ्यांनी लहान मापाच्या सायकलीला लहान मापाचे भाग लावून द्यावेत, एवढी साधी अपेक्षा आहे. शिमानोच्या ब्रेकची मूठ मात्र स्क्रूनं जवळ घेता येते. माझी बोटं आखूड आहेत, तरी कासहून बामणोलीकडं उतरताना दोन बोटांनी ब्रेक पुरतात.

पावसाळ्यात त्या उतारावर ब्रेकपॅड फार लवकर झिजतात. सायकलीबरोबर येणारे रेझिनचे पॅड लाल चिखलात टिकत नाहीत, मेटलचे जास्त टिकतात, जरा आवाज करतात. बदलण्याआधी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, काय छापलंय ते वाचा. काही रोटर फक्त रेझिन पॅडसाठीच असतात.

दुरुस्तीची अडचण आहे, पण ती सोसण्यासारखी. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडं या सायकलीच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला चालणारी नळी नसते. पितळेचा छोटा अ‍ॅडॅप्टर कायम पिशवीत ठेवा, मग कुठल्याही कॉम्प्रेसरवर हवा भरता येते. टायरमधलं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा ते वेळेवर भरा. माण-खटावकडं बाभळीचे काटे असतात. काटा ओढून काढायचा, छिद्र खाली येईल असं चाक फिरवायचं, थोडा वेळ थांबायचं, बहुतेक वेळा भागतं. मोठ्या चिरेसाठी भोकात खुपसायच्या प्लगच्या पट्ट्या आणि एक ट्यूब जवळ असू द्या.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. सायकल कच्च्या वाटेवर चालते म्हणून कासच्या पठारावर फुलांत घालायची नाही. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास आहे. कातळावर मातीचा थर इतका पातळ आहे की एक चाकोरी उमटली तर ती कित्येक वर्षं भरत नाही. आखलेला रस्ता सोडू नका.

उलट, तो रस्ताच काही तास सायकलींना मिळावा असं मला मनापासून वाटतं. इटलीच्या आल्प्समध्ये आसिएत्ता नावाचा जुना लष्करी रस्ता आहे, कच्चा, दोन हजार मीटरांच्या वरून जाणारा. जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी तो दिवसा मोटारींना बंद असतो, चालणारे आणि सायकलवाले मोकळेपणानं जातात. त्याच भागातल्या फिनेस्त्रे खिंडीची उंची २१७८ मीटर आहे. तिच्या चढाचे शेवटचे सुमारे आठ किलोमीटर कच्चे आहेत, आणि जिरो डि'इटालियासारखी मोठी शर्यत २००५ पासून अधूनमधून तिथून जाते. कच्चा रस्ता त्यांनी जपला, मिरवला. फुलांच्या हंगामात यवतेश्वर ते कास हा रस्ता आठवड्यातून एखाद्या सकाळी नऊपर्यंत असाच मोटारींना बंद ठेवला, तर गावातल्या गाड्या आणि एसटी सोडूनही केवढी शांतता मिळेल. सप्टेंबरातल्या रविवारी तिथं मोटारींच्या रांगेत धूर खात चढणाऱ्या कुणालाही हे पटेल.

तोवर नव्यानं सायकल घेतलेल्यांनी परळीच्या बाजूला जावं. उरमोडी धरणाच्या पाण्याच्या कडेनं गावागावांतून जाणारे रस्ते आहेत, थोडं डांबर, थोडी खडी, चढ बेताचे. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी निघालात तर दुधाच्या गाड्या आणि शाळेला निघालेली पोरं एवढीच गर्दी. दोन बाटल्या पाणी घ्या, हवा आपल्या वजनाप्रमाणे बेताची ठेवा, आणि चाळकेवाडीला जायची घाई करू नका.