एसएलईएस पेस्ट : आठ महिने, दोन किलो

डबा उघडला तेव्हा आत साबणाच्या पाण्यासारखं काहीतरी पातळ असेल असं मी गृहीत धरलं होतं. निघाली मोत्यासारखी चकाकणारी पांढरी पेस्ट, इतकी दाट की आत अडकलेले हवेचे बुडबुडे जागचे हलत नव्हते. सोडिअम लॉरेथ सल्फेट, म्हणजेच एसएलईएस, हा फेस आणणारा, मळ काढणारा घटक, ७० टक्के. शाम्पू, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड यांच्या बाटल्यांवर मागच्या बाजूला बारीक अक्षरात पाण्यानंतर बहुतेक वेळा हेच नाव असतं. आठ महिन्यांत दोन किलो संपत आली. त्यातून भांड्यांचं लिक्विड आणि हँडवॉश नियमित केलं, शाम्पू दोनदा.

पहिल्या दिवशी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात. पेस्ट बादलीत घेतली आणि पातळ करायला वरून थोडं थोडं पाणी घातलं. पातळ व्हायचं सोडून ती आणखी आवळली. बाहेरून काचेसारखी पारदर्शक जेली आणि आत तशीच पांढरी पेस्ट, असे लिंबाएवढे गोळे झाले. चमचा दाबला की सटकायचे. कारण नंतर कळलं. ७० टक्क्यांना याचे रेणू थरांत असतात आणि थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पेस्ट ओतता येते. पाणी वाढून प्रमाण साधारण ६० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान आलं की तेच रेणू लांब दांड्यांसारखे होऊन शेजारी शेजारी गच्च बसतात. त्याखाली गेलं की सुटतात. म्हणून आधी सगळं पाणी घ्यायचं आणि त्यात पेस्ट चमच्याचमच्याने सोडायची. मग ढवळत बसायचं नाही. मी घाईत ब्लेंडर लावला होता, तर फेस बादलीबाहेर आला आणि गोळे होते तसेच राहिले. रात्री झाकून ठेवलं, सकाळी सगळं स्वच्छ, नितळ. आता संध्याकाळी भिजत घालते आणि विसरून जाते.

माझं हँडवॉशचं माप आता ठरलंय. एक किलोला १५० ग्रॅम पेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्फॅक्टंट, मळ काढणारा घटक, साडेदहा टक्के. सोबत १०० ग्रॅम सीएपीबी, म्हणजे कोकामिडोप्रोपिल बीटेन, हा दुसरा, सौम्य सर्फॅक्टंट. ते ३० टक्क्यांचं द्रावण असतं, त्यामुळे त्यातून तीन टक्के. सुरुवातीला सीएपीबीला मी फालतू खर्च समजत होते आणि नुसती पेस्टच जास्त घालत होते. महिनाभरात बोटांच्या पेरांवर कातडी ताणल्यासारखी व्हायला लागली, एका ठिकाणी चीर पडली. सीएपीबी घातल्यावर हात सुधारले, शिवाय फेसाचे मोठे भसाभसा फुटणारे बुडबुडे जाऊन बारीक, मऊ, टिकणारा फेस आला.

दाटपणा मिठाने येतो, साध्या मिठाने. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जादू वाटली होती: पाण्यासारखं द्रावण, एक चमचा मिठाचं पाणी, आणि चमच्यावरून तार सुटायला लागते. पण याला हावरटपणा चालत नाही. एका मर्यादेनंतर मीठ वाढवलं की द्रावण उलट पुन्हा पातळ होतं. माझी एक अख्खी बॅच अशी गेली. दाट होत नाही म्हणून मीठ घालत राहिले आणि ते मिठामुळेच पातळ होत होतं. सीएपीबीमध्येही स्वतःचं मीठ असतं हे तेव्हा डोक्यात नव्हतं. शेवटी बिनमिठाचं द्रावण करून त्यात मिसळलं तेव्हा कुठे जमलं. आता सीएपीबी आणि सायट्रिक ॲसिड घालून झाल्यावर सगळ्यात शेवटी मीठ, अर्धा टक्का घातला की अर्धा तास थांबायचं.

प्रिझर्व्हेटिव्हबाबत फाजील आत्मविश्वास नको. पेस्ट महिनोन् महिने टिकते, कारण जंतूंना वाढायला तिच्यात पुरेसं मोकळं पाणीच नसतं. पातळ केलेलं द्रावण टिकत नाही. माझी पहिली बाटली तीन आठवड्यांत आंबूस वासाची झाली. सोडिअम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं तर सायट्रिक ॲसिडने पीएच (आकडा जितका कमी तितकं द्रावण आम्ल) पाचच्या आसपास आणावा लागतो, त्याहून वर ते फारसं कामाचं नाही. आणि पीएच फार खालीही नेऊ नये, आम्लात एसएलईएस स्वतःच हळूहळू तुटतं.

फेसाबद्दल माझं मत बदललं. तेलकट कढईत फेस क्षणात बसतो, आणि मी लगेच आणखी लिक्विड ओतायची. एकदा मुद्दाम तसंच घासत राहिले, कढई तितकीच स्वच्छ निघाली. कठीण पाण्यात मात्र एसएलईएसची खरी किंमत कळते. साबणाचा त्या पाण्यात चोथा होतो, बेसिनला राखाडी कडा धरते. याने ती धरली नाही.

शाम्पूचं सांगायचं तर माझ्या तेलकट टाळूला उत्तम, बहिणीच्या कोरड्या केसांचा पार झाडू झाला. तिने दुसऱ्यांदा हात लावला नाही. चेहऱ्याला मी लावत नाही.

‘सल्फेट म्हणजे विष’ असं मलाही दोघीतिघींनी ऐकवलं. एसएलएस (सोडिअम लॉरिल सल्फेट) आणि एसएलईएस यात लोक गल्लत करतात. एसएलएस त्वचेला जास्त जाचतं, इतकं की त्वचेच्या चाचण्यांत जाणूनबुजून जळजळ घडवायला तेच वापरतात. एसएलईएस त्यामानाने सौम्य. मात्र ते बनवताना १,४-डायऑक्झेन हा नको असलेला पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतो, आणि चांगला उत्पादक तो निर्वात प्रक्रियेने काढून टाकतो. म्हणून माल घेताना चाचणीचा दाखला मागावा आणि त्यात हा आकडा दिलाय का ते बघावं. मला पहिल्या विक्रेत्याने दाखला दिला नाही. पुढचा डबा मी दुसरीकडून मागवलाय.

जुन्या डब्याच्या तळाशी आणि कडांना अजून बरीच पेस्ट चिकटलेली आहे. खरवडून निघत नाही, आणि थोडं पाणी घातलं तर पुन्हा तीच जेली. म्हणून काठोकाठ पाणी भरून ठेवलाय. उद्या त्याच पाण्याने बाथरूमच्या फरशा घासून घेईन.