पाचपैकी चार तारे: पणजीतलं प्रबंध बांधून देणारं दुकान

सुरुवातीलाच सांगते, दुकानाचं नाव या लिखाणात नाही. मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "टीचर, तुम्ही बरं लिहाल आणि मे-जूनमध्ये मला जेवायला वेळ मिळायचा नाही." म्हणून खूण तेवढी देते: पणजी, कदंब बसस्थानकापासून चालत पंधरा मिनिटं, तळमजला, दारात बंद पडलेलं पिवळं एसटीडीचं खोकं. पाटीवर झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, लग्नपत्रिका असं सगळं लिहिलंय. प्रबंध बांधून मिळेल असं कुठेच नाही. पण पीएचडीच्या शेवटच्या वर्षातला माणूस तिथे बरोबर पोहोचतो. कुणी ना कुणी सीनियर त्याला पाठवतोच.

मी डिचोलीची. उच्च माध्यमिकला मराठी शिकवते, लेक्चर बेसिसवर. म्हणजे तास झाला तर पैसे, मे महिना कोरडा. नेट, म्हणजे प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, पास झाले तेव्हा वयाची 36 पूर्ण होती. जेआरएफची, म्हणजे त्याच परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीची, वयोमर्यादा 30, बायकांना 5 वर्षांची सवलत धरून 35. त्या एका वर्षापायी महिन्याचे 31,000 रुपये गेले, जे पुढे 2023 पासून 37,000 झाले. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, फक्त प्रत्येक महिन्याच्या वीस तारखेनंतर आठवतं. जानेवारी 2020 मध्ये घाटापलीकडच्या एका विद्यापीठात नाव नोंदवलं. विषय, डिचोली आणि सत्तरीतली धालोगीतं. दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला.

धालो गोव्याबाहेरच्यांना ठाऊक नसतात, म्हणून थोडं सांगते. पौषातल्या रात्री गावच्या मांडावर, म्हणजे धालोंसाठी राखलेल्या जागेवर, बायका जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात, हात एकमेकींच्या कमरेभोवती, आणि पुढे-मागे झुलत गाणी म्हणतात. काही रात्रीच चालतं हे. मांड एकदा मोडला की पुढच्या पौषापर्यंत कुणी तोंडातून ओळ काढत नाही. माझ्या सासूबाईच बघा. माझ्या अभ्यासातल्या निवेदक, म्हणजे गाणी सांगणाऱ्या, क्रमांक 7, एकाच घरात राहतो, रोज एका ताटातलं लोणचं खातो, पण एप्रिलमध्ये "आई, ते तिसरं कडवं पुन्हा म्हणता?" असं विचारलं की "आता कसले धालो?" म्हणून आत निघून जायच्या. म्हणजे वर्षाचं सगळं संकलन त्या पाच-सात रात्रींत. पौष हुकला की वर्ष हुकलं. 2021 च्या पौषात मांडावर मोजक्या बायका होत्या, मास्क लावून. त्या ध्वनिफितीत एक शब्द धड लागत नाही. नियमाप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं मिळतात, बायकांना वर दोन. ऐकायला भरपूर वाटतात, पण पौषांत मोजली तर हाताच्या बोटांवर.

आता दुकानाकडे. खरं तर हे माझं दुसरं दुकान. पहिलं घराजवळचं होतं, त्याचंही नाव नको. तिथे मी पहिली दोन प्रकरणं आणि गाण्यांचं परिशिष्ट टायपिंगला दिलं होतं. टायपिस्ट मुलगा हुशार, हात वेगात. पण त्याला वाटलं मॅडमचं शुद्धलेखन कच्चं आहे. त्याने सगळी गाणी सुधारली. "मांडार"चं "मांडावर" केलं, "पयली"ची "पहिली" केली, आणि जिथे जिथे मी शेवटच्या अक्षरावर अनुस्वार दिला होता तिथे तिथे तो काढून टाकला, कारण "मॅडम, आता अनुस्वार देत नाहीत ना?" बोलीच्या अभ्यासातून बोली काढून घेतली आणि वर पानाला 30 रुपये घेतले. त्या रात्री मी रडले नाही. नवऱ्याने विचारलं तेव्हा रडले.

पणजीच्या दुकानात मी ती फाइल घेऊन गेले तेव्हा काउंटरवर मालक होते. साठीचे असतील, सगळे त्यांना बाब म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी पानं उलटली आणि आतल्या टेबलाकडे हाक मारली. तिथे त्यांची टायपिस्ट बसते, पेडण्याची, माझ्याहून थोडी मोठी. तिने परिशिष्ट वाचलं आणि विचारलं, "हे कुणी म्हटलंय असं? हे तर पुस्तकातल्यासारखं झालंय." मग म्हणाली, कागद नको, आवाज द्या.

आवाज द्या, असं आजवर कुठल्याही टायपिस्टने मला म्हटलं नव्हतं. मी पेनड्राइव्ह दिला. तिने कानात हेडफोन घातले, थेट ऐकत टाइप करायला लागली. परिशिष्टाची 118 पानं, पानाला 40 रुपये, एकूण 4,720. पहिल्या दुकानापेक्षा दहा रुपये महाग. चौथ्या दिवशी फोन आला, "हें चुकलां गो बाय." एका गाण्यात मी "खणात" लिहिलं होतं. ती म्हणाली, खणात नाही, खळ्यात. मी ठामपणे सांगितलं, खणच आहे. कारण त्या एका खणावर मी चौथ्या प्रकरणात तीन पानं लिहिली होती: खण म्हणजे चोळीचा खण, खण म्हणजे घराचा खण, ओटी, माहेर, प्रतीकव्यवस्था, सगळं. आमच्या मार्गदर्शक सरांना ती पानं फार आवडली होती. ती म्हणाली, या आणि ऐका. गेले, ऐकलं. खळंच होतं. अंगणातलं साधं शेणानं सारवलेलं खळं. "आम्ही पण म्हणतो हे," ती म्हणाली आणि पुढची ओळ तोंडातल्या तोंडात म्हटली. तेव्हा आषाढ चालू होता, बाहेर पाऊस कोसळत होता. ओळ संपल्यावर तिनेच जीभ चावली.

तीन पानं काढली. ती माझी निवेदक क्रमांक 24 झाली. ऋणनिर्देशात तिचं नाव आहे, सरांच्या नंतर आणि ग्रंथालयाच्या आधी.

फॉन्टचं प्रकरणही याच दुकानात सुटलं. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. माझी जुनी दोन प्रकरणं श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये होती, बाकीची मी घरी युनिकोडमध्ये केलेली. सगळं एकत्र करून पीडीएफ साहित्यचौर्य तपासणीला पाठवली. जुन्या दोन प्रकरणांत साम्य शून्य टक्के आलं. सर खूश, मी खूश. बाबांना अहवाल दाखवला तर ते चष्मा वर करून म्हणाले, "टीचर, शून्य कुणालाच येत नाही. मशीनला वाचताच आलेलं नाही." तसंच होतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर "क" दिसतो, पण आत संगणकाने कुठलं तरी भलतंच रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. सॉफ्टवेअर बिचारं तो चिवडा वाचतं आणि जगात असा चिवडा दुसरीकडे कुठे सापडत नाही म्हणून शून्य देतं. उद्या कुणी आक्षेप घेतला असता तर?

मग दोन्ही प्रकरणं युनिकोडमध्ये फिरवली. फिरवणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यानंतरची हमाली फुकट नसते. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरात चुकीच्या जागी जाऊन बसते, रफार शेजारच्या अक्षरावर चढतो, आणि "सुऱ्या", "वाऱ्या"मधला र तर हमखास मोडतो. टायपिस्ट ताईंनी आणि मी दोन शनिवार समोरासमोर बसून 96 पानं दुरुस्त केली. त्याचे बाबांनी वेगळे पैसे लावले नाहीत, पण चहा मीच सांगायचा असा अलिखित करार होता. नव्या फाइलला एकूण साम्य 14 टक्के आलं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018 च्या नियमात 10 टक्क्यांपर्यंत चालतं. माझा जीव खाली-वर. पण संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं आणि ग्रंथसूची त्या मोजणीत धरायची नसते, आणि माझं साम्य बहुतेक तिथलंच होतं, आधीच्या संग्राहकांनी छापलेल्या गाण्यांचं. ते वगळून पुन्हा तपासल्यावर 6 टक्के. मराठी प्रबंध करताय तर पहिल्या ओळीपासून युनिकोड वापरा. मला हे पाचव्या वर्षी कळलं.

शोधगंगेवर, म्हणजे देशभरातले प्रबंध ठेवतात त्या संकेतस्थळावर, चढवायला प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ लागते, तीही इथे नीट करून देतात, फाइलींना क्रमाने नावं घालून. या कामाला अर्धा तास लागतो आणि बाब 100 रुपये घेतात. घरी मला यात एक अख्खी रात्र गेली होती आणि निष्कर्षाच्या जागी मुलाचं दहावीचं हॉल तिकीट गेलं होतं.

आता तक्रारी. दुकान दुपारी 1 ते साडेतीन बंद. गोव्यात हे कुणाला सांगायची गरज नाही, पण डिचोलीहून सकाळचे तास संपवून निघालेली बाई पणजीत नेमकी एकला उतरते. विनंती केली, रागावून बघितलं, उपयोग झाला नाही. बाब शटर खाली ओढत म्हणतात, "जेवा, निजा, मग या." मी जेवायचे भाजी-पाव आणि जायचे पाटोवर, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात. 1832 साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. बसस्थानकाजवळ, थंडगार, आणि तिथे वाचणाऱ्याला कुणी उठवत नाही. माझ्या तळटिपांची शेवटची तपासणी तिथेच झाली. तेव्हा बंद शटरचे उपकारच म्हणायचे, पण त्यासाठी मी अर्धा तारा कापणार आहेच.

उरलेला अर्धा तारा पाठकण्याचा, म्हणजे बांधलेल्या प्रतीच्या पाठीचा. कडक बांधणी इथे फार चांगली होते. गडद तांबडं रेक्झिन, आत शिवण, नुसता गोंद नाही. डावीकडे दीड इंच समास ठेवला की बांधल्यावरही ओळीची सुरुवात पोटात जात नाही, हे ते पहिल्याच दिवशी सांगतात. सोनेरी अक्षरांसाठी देवनागरीचा ब्लॉक बाहेरून करून आणावा लागतो, तीन दिवस लागतात. ब्लॉकचा नमुना मला रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर आला. त्या दिवशी दोन ठिकाणी तास, सासूबाईंचा रक्तदाब, मुलाच्या वह्यांना कव्हरं. मी डोळे न उघडताच अंगठा पाठवला. सकाळी पोहोचले तोवर दोन प्रतींच्या पाठीवर सोन्यात छापून झालं होतं: "धालोगितांचा अभ्यास". ग ऱ्हस्व! मराठीच्या प्रबंधावर! तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आधी पाठकणाच बघतात.

चूक टाइप करणाऱ्याची, मान्यता माझी. बाबांनी वाद घातला नाही. नव्या ब्लॉकचे पैसे निम्मे-निम्मे, एका प्रतीला नवं कव्हर, आणि दुसरी त्यांनी स्वतःकडे ठेवून मला तिच्या जागी नवीन बांधून दिली. तरी नमुना मोठ्या अक्षरांत छापून, समोर बसवून सही घ्यायला हवी होती, रात्री अकराला फोनवर नव्हे. आता तसंच करतात असं ऐकते.

हिशेब असा: 412 पानं, 6 प्रती, एका बाजूला छपाई. काळी-पांढरी 390 पानं, 2 रुपये दराने 4,680. रंगीत छायाचित्रांची 22 पानं, 10 रुपये दराने 1,320. बांधणी प्रत्येकी 350 प्रमाणे 2,100. एकूण 8,100. बाबांनी 8,000 घेतले. हे जून 2025 चे दर.

एक गोष्ट दरपत्रकात नाही. काउंटरसमोर चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. तिथे मी भेटले दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेत संशोधन करणाऱ्या एका मुलाला. तो मालवणचा, वजन घटलेलं, आईचा फोन आला की बाहेर जाऊन "होय गे, झालाच आता" म्हणणारा. त्याचे नमुने समुद्रातून, माझे मांडावरून. त्यालाही पावसाळ्याआधीचे आठवडे सापडले तर सापडले, नाहीतर वर्षभर थांबायचं. त्याला शिष्यवृत्ती होती, मला संसार, आणि दोघांनाही वाटायचं दुसऱ्याचं सोपं आहे. पाच वर्षांत मला "कधी संपणार?" असं न विचारणारा तो पहिला माणूस. आम्ही एकमेकांची अनुक्रमणिका तपासली. त्याच्या पृष्ठ क्रमांकांत चूक मी काढली, माझ्या आलेखात त्याने.

निघताना बाबांनी सहाही प्रती मेणकापडात आणि वर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात बांधून दिल्या. घाटात बस गळत होती, माझ्याच सीटवर. एक पान भिजलं नाही.

जाणार असाल तर गणेश चवथीच्या आधीचा आठवडा टाळा. दुकान उघडं असतं, पण मन सगळ्यांचं गावाकडे असतं. यूपीआय चालतं, रेंज आली तर. रेक्झिनचा रंग आणि शिवण बघायची असेल तर काउंटरच्या खालच्या कप्प्यातली माझी "गितांचा"वाली प्रत मागून घ्या, बाब ती नमुना म्हणून दाखवतात. बाहेरूनच बघा मात्र. पान 287 वर आणखी एक चूक आहे, ती अजून कुणाला सापडलेली नाही.