डमी डिफेंडर: बास्केटबॉलच्या ऑफ-बॉल (हातात बॉल नसतानाच्या) सरावाला कितपत उपयोगी?

हात पसरलेला, जड बुडाचा हा प्लास्टिकचा पुतळा कटचा (पास घेण्यासाठी मारलेल्या झटपट धावेचा) आकार बसवायला फार चांगला. लेनच्या (बास्केटसमोर आखलेल्या पट्ट्याच्या) कडेला, बेसलाइनपासून (बास्केटमागच्या रेषेपासून) साधारण ३ मीटरवर त्याला स्क्रीनर, म्हणजे डिफेंडरची वाट अडवणारा साथीदार, म्हणून उभा करा. खेळाडूचा खांदा त्याच्या कमरेला घासून गेला पाहिजे. मध्ये फट राहिली की डिफेंडर तिथूनच निसटतो, आणि ती फट इथे लगेच दिसते. बूड पाण्याने किंवा वाळूने पूर्ण भरा, नाहीतर पहिल्या धक्क्यालाच तो कलंडतो.

डिफेंडर वाचायला मात्र हा पुतळा शिकवत नाही. तो काही ठरवतच नाही! नुसत्या डमीवर सराव केला तर मुलं ठरलेल्या वाटेने धावायला लागतात, आणि ती सवय मोडणं अवघड जातं.

म्हणून सोबत खरा डिफेंडर हवाच. तो मागे लागला तर डमीभोवती वळून बास्केटकडे कर्ल. डमी आणि बास्केटच्या मधून आडवा गेला तर बास्केटपासून दूर, कोपऱ्याकडे सरकून फेड. पासच्या वाटेत हात घालून पुढे सरसावला तर त्याच्या पाठीमागून बास्केटकडे बॅकडोअर. सुरुवातीला डिफेंडरला निम्म्या वेगाने खेळवा आणि काय करायचं ते फक्त त्याच्याच कानात सांगा.

सगळ्यात जास्त चूक नजरेची होते. मुलं बॉलकडे बघत राहतात. बघायचं असतं डिफेंडरच्या डोक्याकडे: त्याची मान बॉलकडे वळली, की त्याच क्षणी निघायचं.

एका बास्केटला एक डमी पुरे.