सोबत-सेवेचे एक वर्ष

आमची मुलगी डब्लिनला आणि मुलगा बंगळूरला असतो. गेल्या वर्षी मुलीने आम्हा दोघांसाठी पुण्यातील एका खासगी सोबत-सेवेचे वार्षिक सभासदत्व घेतले. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास एक सोबती घरी येणार, बँक, औषधे, फिरायला जाणे यांत मदत करणार, गप्पा मारणार, आणि प्रत्येक भेटीचा अहवाल मुलीच्या मोबाइलवर जाणार, असे या सेवेचे स्वरूप आहे.

बाहेरच्या कामांबाबत तक्रारीला जागा नाही. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला घरबसल्या झाला आणि दिलेली वेळ वर्षभरात क्वचितच चुकली. सरसकट ‘आजोबा’ म्हणण्याची पद्धत तेवढी खटकली. मला आजोबा म्हणणारी एकच व्यक्ती आहे आणि ती डब्लिनला पहिलीत शिकते.

अडचण अहवालाची आहे. त्यात ‘मनःस्थिती’ असा एक रकाना असतो आणि पहिले चार महिने त्यात प्रत्येक वेळी ‘आनंदी’ असेच लिहिलेले होते. त्याच काळात माझ्या पत्नीने भजनी मंडळ सोडले, दिवाळीला सोऱ्या माळ्यावरून काढलाच नाही, पहाटे तीनला जाग आली की ती उजाडेपर्यंत खिडकीशी बसून राही. सोबत्यासमोर मात्र ती नीटनेटकी बसे आणि हसून चहा विचारी, कारण ‘पोरीला तिकडे काळजी नको’. मीही दोष दुसऱ्यांना देऊ नये; पोट जड वाटते, भूक नाही, अशा तिच्या तक्रारींवर मी पोटाच्याच तपासण्या करत होतो.

पाचव्या महिन्यात सोबती बदलली. पन्नाशीच्या या बाईंनी तिसऱ्याच भेटीत मला बाजूला घेऊन सांगितले, ‘काका, काकूंचं पोट नव्हे, मन दुखतंय. मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवू या.’ मानसोपचारतज्ज्ञांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे पंधरा प्रश्न विचारले. वृद्धांच्या नैराश्यासाठी असलेल्या या प्रश्नावलीत झोप, भूक किंवा अंगदुखीचा प्रश्नच नसतो, कारण या वयात त्या तक्रारी इतर आजारांमुळेही असतात. आवडीची कामे सुटली का, आयुष्य रिकामे वाटते का, असे प्रश्न असतात. पाचांहून अधिक गुण आले तर नैराश्याची शक्यता धरून पुढे तपासतात. पत्नीचे अकरा आले. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणी झाली आणि गोळी सुरू झाली. गुण यायला काही आठवडे लागतात आणि या गोळ्यांनी वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून तेही पुन्हा तपासावे लागेल, हे डॉक्टरांनी आधीच समजावले.

सेवेच्या कार्यालयाने मात्र त्या बाईंना समज दिली, कारण वैद्यकीय बाबींत बोलणे त्यांच्या कामात बसत नाही. सोबत्याने निदान करू नये हे मला मान्य आहे. पण शंका आली तर ती कोणाला सांगायची, याची काहीच व्यवस्था नसावी हे समजण्यापलीकडचे आहे. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि मानसिक आरोग्यासाठी चोवीस तास चालणारी १४४१६ ही टेलि-मानस सेवा, हे दोन्ही सरकारी आणि विनामूल्य क्रमांकसुद्धा त्यांच्या माहितीपत्रकात नाहीत. पैसे मुलगी भरते, म्हणून तिला निश्चिंत ठेवणे हेच यांनी आपले काम मानले असावे.

सोबत व्हावी, बाहेरची कामे व्हावीत, एवढीच अपेक्षा असेल त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी; आईवडिलांचे मन कसे आहे हे कळावे म्हणून परदेशातून घेणाऱ्यांनी त्या रकान्यावर विसंबू नये. माझ्याकडून पाचपैकी तीन गुण, त्यांतले दोन त्या बाईंचे. आम्ही सभासदत्व पुढे चालू ठेवले आहे, परंतु त्याच बाई येतील आणि अहवालाची प्रत आम्हालाही मिळेल या अटींवर. पहिली अट त्यांनी पाळली आहे. प्रत अद्याप आलेली नाही.