सड्यावरचे अडीच तास आणि पन्नास रुपयांची पुस्तिका

आमचे गाव राजापूर तालुक्यात आहे आणि गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे उघडे पठार आहे. त्या सड्याचा एक तुकडा आमच्या सातबाऱ्यावर ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून नोंदलेला असून आंबा-काजूच्या हिशोबात आम्ही तो कधीच धरलेला नाही. त्यामुळे एका विद्यापीठाच्या परिसंस्थाशास्त्र विभागाने आपल्या अलीकडच्या कामगिरीचे प्रदर्शन जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या भागात भरवले, त्याला जोडून सड्यावरची सशुल्क फेरी ठेवली आणि दाराशी आपली वार्षिक वार्तापुस्तिका विक्रीला मांडली, तेव्हा या तिन्हींवर पैसे खर्च करण्यात माझा थोडा स्वार्थही होता. पुढे काही तक्रारी लिहायच्या आहेत, म्हणून विभागाचे नाव देत नाही.

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात होते आणि प्रवेश विनामूल्य होता. पहिल्या भिंतीवर पारितोषिके, परिषदा आणि सत्कार यांची छायाचित्रे होती. ती कोणत्याही विभागाची असतात तशीच होती आणि मी ती चालता चालता पाहिली. दुसरी भिंत मात्र विचारपूर्वक मांडलेली होती. कोकण आणि घाटमाथ्यावर गेल्या काही वर्षांत काय नवे कळले, ते तिथे एकेका फलकावर सांगितले होते. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या मंदिराच्या पाण्यात राहणारा चिमुकला मासा २०२० मध्ये ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली, ही हकीगत एका फलकावर होती. शेजारी २०२२ च्या सुरुवातीची नोंद होती: कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थान यांनी वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली होती. त्याखाली ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडल्याची बातमी होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे एकमेकांच्या किनाऱ्यावर जातात का, या प्रश्नाला तिच्यामुळे एक ठोस दाखला मिळाला.

या भिंतीचा मला आवडलेला गुण म्हणजे तिचा प्रामाणिकपणा. काम कोणाचे, हे प्रत्येक फलकावर स्वच्छ लिहिले होते आणि ‘आमचा वाटा’ अशा वेगळ्या ओळीत विभागाने स्वतःच्या कामाचा उल्लेख तेवढाच केला होता. कासवांच्या फलकावर ती ओळ अगदी साधी होती: एका विद्यार्थ्याने अंडी उबवण्याच्या कुंपणातील वाळूचे तापमान हंगामभर नोंदवले. हे कशासाठी, असे विचारल्यावर त्या मुलाने नीट समजावले की कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरते. साधारण ३० अंशांच्या आसपास पारडे फिरते आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, बंदरावरून आलेल्या एका काकींनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “म्हणजे मांडव घातलो तर झील, आणि उन्हात ऱ्हवली तर चेडवां?” (झील म्हणजे मुलगा, चेडवां म्हणजे मुली.) मुलगा हसून म्हणाला, “होय काकी, ढोबळमानाने तसंच.” फलकावरच्या सहा ओळींत जे नेमके उतरले नव्हते, ते काकींच्या एका वाक्यात आले होते आणि त्या मुलाने ते वहीत लिहून घेतले.

फेरीचे शुल्क माणशी ३०० रुपये होते. सातला सुटणारी बस आठ वाजून वीस मिनिटांनी सुटली आणि चहा मिळाला तो गार. वीस जणांमागे एकच मार्गदर्शक असल्याने मागच्या रांगेला निम्मे ऐकू येत नव्हते. सड्यावर वारा सुटला की समोरच्याचेही ऐकू येत नाही, हे कोकणात काम करणाऱ्यांना ठाऊक असायला हवे होते. मात्र ती मार्गदर्शक, म्हणजे विभागातच संशोधन करणारी एक विद्यार्थिनी, विषयात मुरलेली होती. जांभा कसा झाला, हे तिने दोन वाक्यांत सांगितले: काळ्या दगडावर लाखो वर्षे ऊन आणि पाऊस पडून त्यातली सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो तो हाच गाळीव माल.

त्यानंतर ती एका डबक्यापाशी बसली आणि आम्हालाही बसायला लावले. परातीएवढे, वीतभर खोल पाणी होते. तिने डब्याचे पांढरे झाकण त्यात बुडवून वर काढले. पहिल्यांदा मला काहीच दिसले नाही. मग दिसली ती बोटाच्या पेराएवढी, जवळजवळ पारदर्शक अशी कोळंबीची दूरची नातलग. ती पाठीवर पोहत होती आणि पायांच्या दोन रांगा वर करून एका लयीत हलवत होती. या जिवाचे सगळे आयुष्य पावसाळी डबक्यातच सरते. पाणी आटण्यापूर्वी ती जी अंडी घालते, ती उन्हाळाभर तापलेल्या मातीत कोरडी पडून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. मार्च-एप्रिलमध्ये त्याच मातीवरून मी शेकडो वेळा गेलो असेन. विद्यार्थिनीने झाकण जिथून भरले होते तिथेच रिकामे केले. या डबक्यांत कोणता जीव कोणत्या आठवड्यात येतो, याच्या नोंदी ती दोन पावसाळे ठेवते आहे. मला विचाराल तर विभागाची खरी कामगिरी ही आहे, आणि तिचा फोटो पहिल्या भिंतीवर कुठेही नव्हता.

पुढे दीपकाडी भेटली. सड्यावरच्या वीतभर मातीत कांदा धरून राहणारी, पहिल्या पावसांत पांढरीशुभ्र फुले देणारी ही वनस्पती कोकणाबाहेर आढळत नाही. फेरीतल्या दोघांनी फोटोसाठी गुडघे टेकले ते नेमके शेजारच्या कोंबांवर, आणि मार्गदर्शकाने त्यांना न दुखावता बाजूला केले. मग तिने एक सुटा दगड उचलला. खाली अंगावर पांढुरके पट्टे असलेली लहानशी पाल होती. १९६३ मध्ये शास्त्राला ओळख झालेली ही जात दक्षिण कोकणातल्या अशा कातळांवर राहते आणि दिवसा अशाच दगडांखाली लपते. दगड परत ठेवताना तिने त्याची आधीची बाजू आणि दिशा दोन्ही जुळवली. मी जरा अस्वस्थ झालो, कारण चार वर्षांपूर्वी कलमांच्या बागेचा गडगा घालताना सड्यावरचे सुटे दगड मी दोन ट्रॅक्टर भरून उचलले होते. तिला तसे सांगितल्यावर ती म्हणाली, “काका, उरलेले असू द्या म्हणजे झालं.”

आता पुस्तिकेबद्दल. किंमत ५० रुपये, कागद गुळगुळीत, छपाई उत्तम. दोन तृतीयांश पाने शोधनिबंधांच्या इंग्रजी याद्यांनी व्यापली आहेत आणि उरलेल्या मराठी मजकुरात ‘सदर अभ्यासांतर्गत निदर्शनास आले’ या वळणाची वाक्ये इतकी आहेत की ती लिहिणाऱ्यानेही पुन्हा वाचली नसावीत. वनस्पतींची आणि प्राण्यांची नावे केवळ लॅटिन आहेत. जी दीपकाडी आम्हाला सड्यावर तिच्या नावानिशी दाखवली, ती पुस्तिकेत त्या नावाने शोधून सापडत नाही.

माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. सड्यावरची एवढी कामगिरी नोंदवणाऱ्या पुस्तिकेत ‘पोटखराब’ हा शब्द एकदाही येत नाही. इथला सडा बहुतांशी खासगी मालकीचा आहे. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, म्हणून त्या सड्यांचे नाव तरी झाले. बाकीचा कातळ महसुली कागदावर पिकाखाली न येणारी जमीन एवढाच आहे. त्याचे काय करायचे, हे मालक ठरवतो: चिरेखाणीला द्यायचा, की सुरुंग लावून खड्डे पाडून, बाहेरची माती भरून कलमे लावायची, की पडून राहू द्यायचा. अशा मालकाने पुस्तिका विकत घेतली, तर खाणीला जागा देताना कोणता भाग वगळावा, गवताला आग कधी लावू नये, गुरे कोणत्या महिन्यांत डबक्यांपासून दूर ठेवावीत, यातले त्याला काहीच कळत नाही. ही सगळी उत्तरे त्या विद्यार्थिनीकडे होती. परतीच्या बसमध्ये तिने ती मला तिकिटाच्या मागे लिहून दिली. विभागातल्या ज्येष्ठ सरांशी बोललो, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकले, पुढच्या अंकात दोन पाने जमीनमालकांसाठी ठेवू असे सांगितले आणि ते दोन पानांत मावेल का, असा प्रश्नही स्वतःच केला.

तेव्हा प्रदर्शन जरूर पाहावे, पण दुसऱ्या भिंतीपासून सुरुवात करावी. पुस्तिका आहे त्या रूपात अभ्यासकांनीच घ्यावी. फेरीचे ३०० रुपये मात्र वसूल होतात; जाड तळव्याचे बूट घालावेत, कारण शेवाळलेला कातळ चपलेला दाद देत नाही, आणि मार्गदर्शकाच्या अगदी मागे चालावे. दुसरी फेरी श्रावणात, सीतेची आसवे फुलली की निघणार आहे. मी नाव नोंदवले आहे, आणि चहाचा थर्मास घरून नेणार आहे.